कंदील, वांगं, पायरी

आमच्या लॅबच्या फ्रीजरमध्ये रक्ताच्या जेवढ्या नळ्या आहेत, तेवढेच किस्से माझ्याकडे साठलेत. नळ्यांवर निदान लेबलं असतात. किस्से मात्र कुठलाही कप्पा उघडला की अंगावर पडतात! रिसोडला घरी गेले की मैत्रिणी विचारतात, "तुझं संशोधन कुठवर आलं गं?" आणि मी संशोधन सोडून बाकी सगळं सांगत बसते.

* * *

सुरुवात उंदरांपासून झाली. पीएच.डी.ला मी उंदरांच्या मेंदूवर काम करत होते. आमच्या आईचं आयुष्य रिसोडच्या बाजारात भाजी विकण्यात गेलं. एकदा तिला माझं काम नीट समजावून सांगितलं. मेथीच्या जुड्या बांधता बांधता तिनं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "घरात पाल निंघाली तं पलंगावर चढते तू. अन् तिकडं उंदराचं डोस्कं उघडून पायते?"

पुढे उंदीर सुटले, माणसं आली. म्हातारपणी काहींची आठवण उतरणीला लागते. तेव्हा रक्तातली काही प्रथिनं बदलतात का, हे आम्हाला शोधायचं होतं. त्यासाठी एकाच माणसाचं रक्त दोनदा घ्यायचं, मध्ये दोन वर्षं सोडून. दुसरी नळी मिळाली नाही, तर पहिलीही वाया! गाव निवडलं मानोऱ्याकडचं. म्हटलं, आपल्याच जिल्ह्यातली माणसं, अडचण काय येणार?

* * *

कॅम्प गावातल्याच अनुसयाबाईंच्या ओसरीत. सगळ्यांना बजावलं होतं, सकाळी उपाशीपोटी यायचं. माणसं वेळेवर आली. आमच्या टेक्निशियन खंडारेंनी नळ्या मशीनमध्ये फिरवल्या. रक्तावर पिवळसर पाणी दिसायला हवं, तर दुधासारखं पांढरं! एक नळी, दुसरी नळी, सगळ्याच!

"मॅडम, हे गाव तूप पेते का काय?" खंडारे म्हणाले.

जवळपास तसंच होतं. अनुसयाबाईंनी पहाटे उठून सगळ्यांना तुपात थबथबलेला शिरा खाऊ घातला होता.

"रिकाम्या पोटी मानसाचं रगत काढता? तेबी माह्या दारात?" त्यांनी उलट मलाच झापलं.

दुसऱ्या दिवशी सगळं पहिल्यापासून. सुई निघाल्याशिवाय कुणाला काही द्यायचं नाही, असा तह झाला. नळ्या एकदम स्वच्छ! नंतरचे पोहे मात्र आम्हा दोघांनाही चुकले नाहीत.

* * *

त्या नळ्या नेताना जीप बंद पडली. कोरड्या बर्फाचा डबा घेऊन मी वाशिमच्या एस्टीत बसले. कंडक्टर थबकले.

"मॅडम, डब्यातून धूर निंघून राह्यला!"

"बर्फ आहे, दादा."

"बर्फाचा धूर? मले येडा समजता का? आत काय हाये?"

खोटं कशाला बोलायचं? म्हटलं, "म्हाताऱ्या माणसांचं रक्त."

गर्दीच्या गाडीत वाशिमपर्यंत तीन माणसांचा बाक मला एकटीला!

* * *

पण खरी मजा आठवणीच्या चाचणीची. तीन शब्द सांगायचे: कंदील, वांगं, पायरी. पाच मिनिटं इकडचं तिकडचं बोलायचं आणि मग ते शब्द विचारायचे. एकेक म्हातारा यायचा, बसायचा आणि मी शब्द सांगायच्या आधीच म्हणायचा, "कंदील, वांगं, पायरी. लिव्हा!"

पेपर फुटला होता! अनुसयाबाई ओसरीत बसून ऐकत होत्या आणि दारात येईल त्याला उत्तरं देत होत्या. मग सगळ्यांना दुसरे शब्द देऊन शाळेच्या खोलीत पुन्हा बसवलं.

पेपर फुटूनही एक माणूस नापास झाला होता. अनुसयाबाईंचा नवरा, नामदेवबाबा. त्यांना एकही शब्द आठवला नाही. नुसते गोड हसले. बाईंचा चेहरा एवढासा झाला. "बाई, ही परीक्षा नाही हो," मी म्हटलं, "पण दोन वर्षांनी बाबांना नक्की आणा. मला त्यांचीच नळी सगळ्यात महत्त्वाची आहे."

"पुढच्या टायमाले पाहून घेऊ," त्या म्हणाल्या.

* * *

दोन वर्षांनी मी धाकधुकीतच गेले. बाबा येतील की नाही, काही भरवसा नव्हता. बघते तर रांगेत पहिले तेच! धुवट सदरा, टोपी, उपाशी पोट. शेजारी बाई. दुसरी नळी भरली आणि मला इतकं बरं वाटलं, की खंडारेंना म्हटलं, "आज पोहे दोन प्लेट!"

मग चाचणी. या वेळचे शब्द: छत्री, जांब, कुलूप. पाच मिनिटं पिकापाण्याच्या गप्पा मारल्या.

"हं बाबा, सांगा आता. कुठले तीन शब्द?"

बाबा ताठ बसले. डोळे मिटले. बाईंचे ओठ आधीच हलत होते.

"कंदील," बाबा म्हणाले. "वांगं. पायरी."

मी हळूच म्हटलं, "बाबा, आजचे शब्द वेगळे होते."

बाई उसळल्या. "वेगळे? दोन साल रोज सकायी चहासंगं पाठ करून घेतलं म्या! अन् तुमी पेपरच बदलला?"

बाबांनी त्यांच्या हातावर हात ठेवला.

"जाऊ दे, तिले बोलू नको," ते म्हणाले. "इसरते मानूस."