कंसातलं थेन

वडशाच्या आमच्या उस्तादांना हाक मारली की अर्ध्या तासानं ओ यायची. दारात वाघ आला असता, तर त्यालाही बाकावर बसवून त्यांनी आधी विचारलं असतं, "जुना बोर्ड का नवा?"

गिरण्यांतली धान सुकवायची यंत्रं चालवणारे बोर्ड उस्ताद बनवायचे. बोर्डाची भाषा फोर्थ. तिच्यात आधी आकडे मांडायचे, मग बेरीज सांगायची. "मराठीवानीच हाये, काम शेवटी," असं म्हणून ते हसायचे. गिरण्या चाळीस (मोजल्या तर अकरा भरतील), पण प्रोग्रामची फाइल एकच. तिच्यात जागोजाग चौकोनी कंसातलं इफ: बोर्ड जुना असेल तर पुढचा तुकडा घे, नसेल तर तुकडा संपवणाऱ्या कंसातल्या थेनपर्यंत वाचूच नको.

"चाचा, जुन्याचं काढून टाका ना आता," त्यांच्या हाताखाली शिकणारा मी म्हणायचो.

"काऊन? सिंदेवाहीले एक म्हातारा बोर्ड चालून राह्यला अजून. त्याले उपाशी मारतं का?"

इफ लिहिलं की लगेच थेन लिहायचं, मधलं नंतर, हा त्यांचा दंडक. "थेन नसलं तं हा येडा बयताड बोर्ड फाइल संपेपर्यंत झोपते, अन् वरून ओके म्हणते."

एकदा त्या म्हाताऱ्या बोर्डासाठी मी इफ लावून चार ओळी घातल्या आणि थेन विसरलो. तीच फाइल वडशाच्या एका गिरणीतल्या नव्या बोर्डात भरली. बोर्ड ओके म्हणाला. माझ्या इफच्या पुढचं सगळं त्यानं सोडून दिलं होतं, आणि आच वाढली की भट्टी बंद करणाऱ्या ओळी शेवटी होत्या. दुपारपर्यंत धान असं काळं पडलं, की कावळे नातं सांगायला आले.

"कोनं लिहिलं हे?" मालक ओरडला.

उस्तादांनी फाइल खालपर्यंत पाहिली. बोट माझ्या ओळीवर थांबलं. माझ्याकडे बघून ते म्हणाले, "मी लिहिलं, सेठ."

एरवी माझं तोंड झाकायला ताडपत्री पुरत नाही. तेव्हा त्यातून हूं की चूं निघालं नाही.

एकेका गिरणीनं त्यांना बोलावणं सोडलं. ते लेकीकडे बल्लारशाला निघाले तेव्हा स्टेशनवर त्यांची पिशवी मी धरली होती. "चाचा, ते थेन..."

"मले मालूम हाये. पिशवी दे, गाडी आली."

वर्षभरात ते गेल्याचं कळलं. तेव्हा मी एका बोर्डाला कथलाचा डाग देत होतो. तो पुरा केला.

आता त्या गिरण्या मला बोलावतात. परवा त्याच मालकानं विचारलं, "एवढा हुशार मानूस, चुकला कसा हो?"

"वय झालं होतं," मी म्हणालो.

काही वाटलं नाही. चहा आला, तो प्यायलो.