झमकूबाईचे रिकामे दंड

सगळ्या खाटा बघून झाल्या आणि मला एकही चूक सापडली नाही, तेव्हा मी अस्वस्थ झाले. इन्स्पेक्शनला गेलेल्या माणसाचा हा दुर्गुणच म्हणायचा. चूक सापडली की त्याला बरं वाटतं, नाही सापडली की त्याचा पाय निघत नाही.

गोष्ट निजामाच्या राजवटीतली, ती संपायच्या थोडी आधीची. हिंगोली तेव्हा परभणी जिल्ह्यातला एक तालुका होता. गावाबाहेर एका कापसाच्या व्यापाऱ्यानं आपल्या आईच्या नावानं मोहताजखाना काढला होता. मोहताज म्हणजे ज्यांचं करणारं कुणी नाही असे. म्हातारे, आंधळे, लकव्याचे, हाड मोडून अंथरुणाला खिळलेले. औषधं सरकारी दवाखान्यातून मिळावीत असा शेटजींनी अर्ज केला होता. मी परभणीच्या दवाखान्यात सीनियर नर्स होते. आमचे डॉक्टरसाहेब हैदराबादचे, कामाला कडक. त्यांनी मला बोलावून सांगितलं, "बाई, तुम जाके देखो. अच्छा है तो अच्छा लिखो, खराब है तो खराब. बीच का कुछ मत लिखो."

मी 'जी साहेब' म्हटलं आणि गाडीत बसले. गाडीत बसल्यावर वाटलं, जगात बहुतेक सगळं बीचकाच असतं, ते साहेबांना कोण सांगणार.

अंथरुणावरच्या माणसाची नीट देखभाल होते की नाही हे कसं ओळखायचं, ते सांगते. फरशी बघायची नाही. फरशी कुणीही आदल्या दिवशी धुतो. रोग्याला कुशीवर वळवून त्याची पाठ बघायची. एकाच अंगावर पडून राहिलं की माकडहाडापाशी कातडी सडते, तिला आम्ही बेडसोअर म्हणतो. ती जखम एका दिवसात पडत नाही आणि एका दिवसात लपवताही येत नाही. मग नखं बघायची, तोंडाचा वास बघायचा, गादीखाली हात घालायचा. पाण्याचा गडू रोग्याच्या हाताला लागतो का, तेही बघायचं. गडू खिडकीत आणि रोगी खाटेवर असला, तर त्या दवाखान्यात माणसं तहानेनं मरतात आणि कागदावर तापानं मेली असं लिहिलं जातं.

इथं पाठी कोरड्या होत्या. नखं कापलेली होती. गडू हाताशी होते. हे सगळं रेबेकाबाईंचं काम. त्या जालन्याकडच्या, मिशनच्या दवाखान्यात शिकलेल्या. उंच, तुटक बोलणाऱ्या, पांढरं लुगडं नेसणाऱ्या. हातात काकण नाही, कारण नर्सनं हातात काही घालायचं नाही असा आमच्यात नियम असतो. मला तर त्या नियमाचीही गरज नव्हती. मी लहानपणीच विधवा झालेली, माझे हात कधीचेच मोकळे होते.

माझी एक खोड होती. इन्स्पेक्शनला जेवणाची वेळ साधायची आणि वाढणं झालं तरी उठायचं नाही. वाढताना सगळेच दिसतात. खाताना कोण दिसतं, ते खरं.

बायकांच्या खोलीत ज्वारीची भाकर आणि वरण वाढलं गेलं. एकीला लकव्यामुळं घास धरता येत नव्हता, तिला मोलकरणीनं भरवलं. मी मनात 'अच्छा' लिहून टाकलं. तेवढ्यात कोपऱ्यातल्या खाटेवर नजर गेली. तिथली म्हातारी भाकरीकडे बघतही नव्हती. ताटलीला हात न लावता ती भिंतीकडे तोंड करून पडली होती.

"ही झमकूबाई," रेबेकाबाई म्हणाल्या. साखऱ्याच्या बाजूच्या तांड्यावरची. बैलगाडीतून पडली, खुब्याचं हाड गेलं आणि उजवा दंड खरचटला. लेकरूबाळ नाही. नवरा दुसऱ्यांची गुरं राखतो, त्याच्यानं अंथरुणावरच्या बायकोचं करणं होईना, म्हणून इथं आणून सोडली. आली तेव्हा चांगली खात होती. दंडाची जखम चिघळली होती तीही आता भरत आलीय. पण मधेच खाणं टाकलं. "म्हातारपण," रेबेकाबाई म्हणाल्या. "काही म्हातारी माणसं ठरवतात आणि जातात."

मी नाडी बघितली. ताप नव्हता. पोट मऊ होतं. जीभ सुकली होती आणि डोळे खोल गेले होते. मरायला शरीराकडे काही कारण नव्हतं, आणि तरी अशीच राहिली तर ती फार दिवस काढणार नव्हती.

मी खाटेच्या कडेला बसले. ती माझ्या तोंडाकडे न बघता माझ्या मनगटांकडे बघत होती.

"तुमी सांगायला आल्या का?" तिनं विचारलं.

"काय सांगायला?"

 पांघरुणातून तिनं दोन्ही हात बाहेर काढले. उन्हानं रापलेल्या त्या हातांवर कोपराच्या वर दोन्हीकडे फिकट कातडीचा रुंद पट्टा होता. वर्षानुवर्षं तिथं काहीतरी होतं, त्याची ती जागा.

"त्या पांढऱ्या बाईनं काढले माझे चूडे. तिच्या हातात काई न्हाई. आता तुमी आल्या, तुमच्याबी हातात न्हाई. मंग मला कळत न्हाई का? तो गेला. समदे लपवून राहिले."

 तांड्यावरच्या बायका लग्नात दंडात हस्तिदंती बांगड्यांची चळत घालतात, तिला त्या चूडो म्हणतात. ती नवरा असेपर्यंत निघत नाही. नवरा गेला की काढतात. आणि काढायला कोण येतं? ज्यांचे स्वतःचे आधी निघालेत अशा बायका. पांढरं लुगडं नेसलेल्या, मोकळ्या मनगटाच्या एका बाईनं काही न बोलता तेल लावून तिचे चूडे उतरवले होते. दुसरा काय अर्थ लावायचा होता तिनं? रेबेकाबाई ड्रेसिंग करत होत्या. झमकूबाईच्या मते त्या तिला रांडाव करत होत्या.

मी रेबेकाबाईंना बाहेर व्हरांड्यात नेलं आणि म्हातारीचं म्हणणं सांगितलं. त्या आधी चिडल्या. "जखमेत पू झाला होता. बांगड्या ठेवून कसं धुणार? तुम्ही काय केलं असतं?"

मी म्हटलं, मीही काढल्या असत्या. "पण जखम उजव्या दंडाला. डाव्याला काय झालं होतं?"

त्या म्हणाल्या, "काही नाही. मळ होता."

मग मी विचारलं, नवरा भेटायला येत नाही का? रेबेकाबाईंना ठाऊक नव्हतं. फाटकावरच्या पहारेकऱ्याला ठाऊक होतं. एक म्हातारा दर बाजाराच्या दिवशी येतो, कासंडीतून शेळीचं दूध देतो, बायको कशी आहे विचारतो. "बरी हाय म्हनून सांगतो मी," पहारेकरी म्हणाला. आत जाऊ देत नाही, कारण बायकांच्या खोलीत पुरुषांना मनाई. तिथं पडद्यातल्या बायकाही होत्या, त्यामुळं नियम बरोबरच होता. आणि दूध? ते सगळ्यांच्या चहात जायचं. बाहेरून आलेलं काहीही एकाला द्यायचं नाही, कुणाचं म्हणून सांगायचंही नाही, नाहीतर ज्याचं कुणी येत नाही तो बघत बसतो. हा नियम शेटजींच्या आईचा. तोही चांगल्या मनानं केलेला.

एकेक नियम घेतला तर सोन्यासारखा. पण सगळे मिळून एका बाईचा जिवंत नवरा मारून बसले होते, आणि ती म्हणत होती की आता मीही जाते.

मी आत जाऊन तिला सांगितलं, तुझा माणूस जिवंत आहे, गेल्या बाजाराला येऊन गेला, त्या दिवशीच्या चहात त्याचंही दूध होतं.

"व्हय," ती म्हणाली. "असंच सांगतेत. माज्या बहिणीला बी सांगतले व्हते, तुजा माणूस बरा हाय म्हनून. तवा तो मातीआड झाला व्हता."

 रोग्याला आम्ही इतक्या वेळा खोटा धीर देतो की खऱ्याची वेळ आली की आमच्यापाशी शब्द उरत नाहीत. आता म्हाताराच आणून दाखवायला हवा होता. तांडा लांब, म्हातारा गुरांमागं कुठल्या रानात असेल कुणास ठाऊक. बाजाराचा दिवस जवळ होता. मी साहेबांना निरोप धाडला की काम लांबलंय, आणि थांबले. ती पाण्याचे घोट तेवढे घेत होती. मला एकच भीती होती. म्हातारा माणूस, एखाद्या बाजाराला नाही आला तर?

बाजाराच्या दिवशी सकाळी रेबेकाबाईंनीच मोलकरणींना हाक मारली. त्यांनी झमकूबाईची खाट उचलून बाहेर फाटकासमोरच्या कडुनिंबाखाली ठेवायला लावली. "खोलीत मनाई आहे," त्या मला म्हणाल्या, "झाडाखाली नाही." त्यांच्या तोंडून ही पळवाट ऐकून मला हसू आलं. त्या हसल्या नाहीत.

गाड्या बाजाराकडे गेल्या. ऊन डोक्यावर आलं. झमकूबाई डोळे मिटून पडली होती. आपल्याला बाहेर का आणलंय हेही तिनं विचारलं नाही. मी फाटकापाशी उगाच येरझाऱ्या घालत होते, आणि मला स्वतःचाच राग येत होता. जिवंत आहे असं छातीठोकपणे सांगून बसले होते, एका पहारेकऱ्याच्या भरवशावर.

दुपार कलता कलता तो आला. वाळका, डोक्याला लाल पागोटं, हातात कासंडी. थावरा त्याचं नाव. फाटकातून त्याला खाट दिसली आणि तो भराभर पुढं आला. मग तिचे दंड दिसले आणि तो जागच्या जागी थांबला.

"मी जित्ता हाय," तो हळू आवाजात म्हणाला. "मंग हिचे दंड कुनी उघडे केले?"

मी उत्तर द्यायला तोंड उघडलं, पण रेबेकाबाई पुढं झाल्या. "मी केले. हाताला पू झाला होता. तिला विचारायला पाहिजे होतं, ते मी विचारलं नाही."

नवऱ्याचा आवाज ऐकून झमकूबाईनं डोळे उघडले होते.  मग हात लांबवून तिनं त्याचं मनगट धरलं, चाचपलं, आणि म्हणाली, "किती वाळला रे तू. काई खातो का न्हाई?"

मला रडू आलं. हा प्रश्न कोण कुणाला विचारत होतं.

रेबेकाबाई आत गेल्या आणि एक पुरचुंडी घेऊन आल्या. चूडे त्यांनी टाकले नव्हते. उकळून, पुसून स्वच्छ फडक्यात बांधून ठेवले होते, घरी जाताना देऊ म्हणून. थावरा खाली बसला. तेल मागून घेतलं. तिच्या डाव्या दंडात एकेक बांगडी चढवू लागला. म्हाताऱ्या हातांनी वेळ लागत होता, पण कुणी घाई केली नाही. उजव्या दंडाकडे वळला तेव्हा रेबेकाबाई म्हणाल्या, अजून नाही, जखम ओली आहे. त्यानं मान डोलावली. "असू द्या. एक दंड भरला तरी मी हाय हे समद्यायला दिसन."

मग तिनं दूध घेतलं. त्याच्याच कासंडीतून. त्या दिवशी ते चहात गेलं नाही.

परभणीला परतल्यावर साहेबांनी विचारलं, "अच्छा या खराब?" मी म्हटलं, अच्छा, पर. साहेब म्हणाले, पर नहीं. मी तरी सगळं सांगितलं.  शेवटी ते म्हणाले, "हमने भी कितनों के ताबीज काट के फेंके, बाई. कभी पूछा नहीं." त्यांनी औषधं मंजूर केली आणि दोन अटी घातल्या. भेटायला येणाऱ्यांना कडुनिंबाखाली रोगी भेटवायचा. आणि रोग्याच्या अंगावरचं काहीही काढण्याआधी का काढतोय ते त्याला समजेल अशा भाषेत सांगायचं. झमकूबाईची जखम भरली, मग उजवा दंडही भरला. काठी टेकत का होईना, ती आपल्या पायांनी गाडीपर्यंत चालत गेली असं पुढं रेबेकाबाईंनी कळवलं.

एक गोष्ट मी साहेबांना सांगितली नव्हती. हिंगोलीहून निघताना मी झमकूबाईचा निरोप घ्यायला गेले, तेव्हा तिनं मला जवळ बोलावलं. माझ्या मोकळ्या मनगटावर बोट ठेवून अगदी काळजीनं विचारलं, "बाई, तुमचा घरवाला खरंच गेला का? का तुमच्याबी कुनी न सांगताच काढल्या?"

मी परकर नेसत होते तेव्हाची गोष्ट. आत्यानं मला आडापाशी नेलं आणि बांगड्या फोडल्या. हिरव्या होत्या, नव्या भरलेल्या. मी बांगड्यांसाठी रडत होते आणि घरातल्यांना वाटत होतं मी त्याच्यासाठी रडतेय. तो गेल्याचं मला संध्याकाळी कळलं.

"दोन्ही खरं," मी तिला म्हटलं. तिनं माझं मनगट बराच वेळ सोडलं नाही.

त्यानंतर मी पुष्कळ दवाखाने तपासले. पाठी बघितल्या, नखं बघितली, गाद्यांखाली हात घातले. पण खाटेपाशी बसले की आधी एवढं विचारायचे: तुमचं काय काढून घेतलं, आणि ते का घेतलं हे तुम्हाला कुणी सांगितलं का? औषधाच्या आधी सांगणं द्यावं. ते सरकारी दवाखान्यातून मागवावं लागत नाही.