इग्नायटर आणि शेठचा नारळ

आमच्या बेकरीत फुटक्या खारीचा एक डबा असतो. दिवसभर तुकडे त्यात पडत राहतात आणि संध्याकाळी बघावं तर डबा गच्च! किश्शांचंही आमच्याकडे तसंच आहे. मुद्दाम कोणी जमवत नाही. शेठ नुसते आत आले तरी दोन-चार पडतात.

मी इथे ऑर्डरी घेते. चंदनसारहून सकाळी यायचं आणि काचेच्या केबिनमध्ये बसून भट्टीकडे बघत फोन उचलायचे. त्यामुळे माझं एकही दृश्य चुकत नाही.

*

आमच्या शेठना नारळाशिवाय काही सुरू करता येत नाही. नवा मिक्सर आला, नारळ! नवा वजनकाटा, नारळ! माझा कॉम्प्युटर आला तेव्हा तर त्यांनी नारळ टेबलाच्या कडेवरच फोडला. कीबोर्डची अशी काही आंघोळ झाली की त्याची अर्धी बटणं कायमची मुकी झाली.

मी तोंड वाकडं केलं तर शेठ म्हणाले, "अहो, शुभ असतं! पाणी आत गेलं म्हणजे लक्ष्मी आत गेली!"

लक्ष्मी आत गेली ती गेलीच. मी अजून 'ए' हवा असेल तर जुन्या फाइलमधून उचलून आणते.

*

मग लाकडाची भट्टी गेली आणि पेलेटची आली. पेलेट म्हणजे भुसा दाबून केलेल्या बारीक कांड्या, थेट कोंबडीच्या खाद्यासारख्या. त्या वरच्या पेटीतून आपोआप खाली पडतात आणि इग्नायटर नावाची बोटाएवढी कांडी लाल तापून त्यांना पेटवते. माणसाने फक्त बटण दाबायचं.

हे शेठनी आम्हा सगळ्यांसमोर वाचून दाखवलं आणि नारायणकाकांच्या खांद्यावर हात ठेवला. "काका, अठ्ठावीस वर्षं भट्टी पेटवलीत. आता महिनाअखेरीपासून आराम!"

काका कळंबहून येतात. तिथे त्यांची छोटी नारळाची वाडी आहे. ते शेठना "बरं" एवढंच म्हणाले. नंतर माझ्या केबिनशी चहा पिताना म्हणाले, "आराम कुठे करू, बाय? पोराने माझी खोली फिरायला येनाऱ्या पाहुन्यांना भाड्याने दिली हाय. शनवार-रविवार तर ओट्यावर पन जागा नाय."

मला फार वाईट वाटलं. शेठना वाटलं नाही, कारण ते तेव्हा नारळ शोधत होते.

*

उद्घाटन झोकात झालं. शेठनी बटण दाबलं, आतली कांडी लालभडक झाली आणि त्यांनी भट्टीच्या तोंडाशी नारळ आपटून पाणी आत शिंपडलं. चुर्र आवाज आला. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. भट्टी पेटलीही.

दुसऱ्या दिवशी सकाळी पेटेना.

शेठनी बटण दाबलं. पुन्हा दाबलं. असं अकरा वेळा! प्रत्येक वेळी वरून ओंजळभर पेलेट खाली पडत होते, हे त्यांच्या गावीही नव्हतं. शेवटी हाक गेली, "काका!"

काकांनी आपल्या पिशवीतून नारळाच्या सोडणाचा, म्हणजे वरच्या वाळक्या काथ्याचा, झुबका काढला, पेटवला आणि आत सारला. अकरा ओंजळींचा ढीग धुमसायला लागला. इतका धूर झाला की शेजारच्या गाळ्यातली माणसंसुद्धा रस्त्यावर आली.

शेठ डोळे चोळत म्हणाले, "बघा! मशीन स्ट्राँग आहे!"

*

मग शेठचे मेहुणे अवतरले, व्हिडिओ कॉलवर. ते कॉम्प्युटरमधले इंजिनिअर. त्यांनी लांबून एक डोळा मिटून भट्टी पाहिली आणि निदान केलं, "पेलेटमध्ये धूळ आहे. चाळून घ्या."

पॅकिंगच्या दोघी जणी अर्धा दिवस पेलेट सुपात घेऊन बसल्या आणि तांदूळ निवडावेत तसे निवडत राहिल्या. भट्टी तरीही पेटली नाही. मेहुणे म्हणाले, "मग रिस्टार्ट करून बघा."

काकांनी सोडण लावून रिस्टार्ट केली.

*

अखेर कामणच्या गोडाऊनमधून भेंडे आले, भट्टी विकणाऱ्या कंपनीचे मेकॅनिक. कमी बोलणारा माणूस. पेलेट पडतात का पाहिलं, पडत होते. पंखा फिरतो का पाहिलं, फिरत होता. वायरीत करंट होता. मग मीटरच्या दोन्ही पिना कांडीला लावल्या, तर काटा हलेना. कांडी बाहेर काढली, तिला आडवा तडा गेलेला!

दोन स्क्रू आणि दोन वायरी. पंधरा मिनिटांत नवी बसली. भेंडे म्हणाले, "ही सिरॅमिकची असते. लाल असताना थेंबभर पाणी पडलं की संपली. पाणी कुठून आलं?"

मी शेठकडे बघितलं. काकांनी माझ्याकडे बघितलं.

मी धीर करून म्हटलं, "शेठ, नारळाचं..."

शेठ भडकलेच. "ते पाणी नाही, ते तीर्थ आहे! तीर्थाने कधी काही फुटतं का?"

नव्या कांडीसाठी नवा नारळ आला. चुर्र! दुसऱ्या दिवशी पुन्हा काका आणि सोडण.

*

तिसरी कांडी घेऊन भेंडे आले तो महिन्याचा शेवटचा दिवस होता. त्यांनी कांडी बसवली आणि शेठना हात जोडले. "कंपनी आता पुढची फुकट देणार नाही. आणि माल संपलाय, पुढची यायला दीड-दोन महिने लागतील. साहेब, या वेळी नारळ नको."

शेठ जरा हबकले. स्वतःचा नारळ त्यांनी गाडीतच ठेवला. "ठीक आहे," ते म्हणाले, "सायन्सचंही ऐकलं पाहिजे माणसाने!" आणि बटण दाबलं. आत कांडी हळूहळू लाल व्हायला लागली.

तेवढ्यात काका पुढे झाले. इस्त्रीचा पांढरा शर्ट, डोक्याला तेल, हातात रोजची पिशवी. पिशवीतून त्यांनी एक नारळ काढला आणि कानाशी हलवून पाहिला. मी केबिनच्या दारातच उभी होते. पिशवीच्या तळाशी मला सोडण दिसलं, चांगलं आठवडाभर पुरेल एवढं.

काकांनी नारळ दोन्ही हातांनी शेठपुढे धरला. "शेठ, आज माझा शेवटचा दिवस. माझ्या वाडीतला हाय. माझ्यासाठी एवढा फोडा. पानी भरपूर हाय याच्यात."

भेंडे "अहो..." म्हणेपर्यंत शेठनी नारळ हातात घेतलाही होता. त्यांनी डोळे पुसले आणि चपला काढल्या.