चपला आत घ्या

आमच्या घरी आलेल्या बाईच्या चपला दाराबाहेर राहत नाहीत. आई त्या उचलते आणि आतल्या खोलीत कॉटखाली नेऊन ठेवते. नवीन आलेली बाई ओशाळते, "अवो काकू, माझ्या चपलेला हात कशाला लावता?" म्हणते. आईचं उत्तर ठरलेलं असतं. "गल्लीला तोंडं लक्षात राहत नाहीत बाई, चपला बरोबर राहतात."

हे दर गुरुवारी दुपारी चालतं. आई बायकांच्या संघटनेचं काम करते आणि आमची बाहेरची खोली हेच त्या संघटनेचं कार्यालय. कुणाला माराबद्दल बोलायचं असतं, कुणाला पोरीचं शिक्षण तोडू नये म्हणून सल्ला हवा असतो, आणि कुणाला काहीच नको असतं, नुसतं तासभर कुणाच्या हाकेला ओ न देता बसायचं असतं. गुरुवार अशासाठी, की त्या दिवशी सोलापुरातली कुठलीही बाई "मठात जाऊन येते" म्हणून बाहेर पडू शकते आणि तिला कुणी कारण विचारत नाही. मठ आमच्यापासून दोन गल्ल्यांवर आहे. बहुतेक जणी खरंच आधी दर्शन घेतात आणि मग येतात. बाबा पक्के नास्तिक, पण पेठेत सगळ्यात जास्त प्रसाद त्यांच्याच वाट्याला येतो, आणि ते तो मुकाट्यानं खातात.

बाबा कामगार संघटनेतले. मी पत्रकांवर वाढले असं म्हटलं तर त्यात अतिशयोक्ती नाही. गणिताचं कच्चं काम मी पत्रकांच्या कोऱ्या बाजूवर केलं आणि वाचायला शिकले ती पुढच्या बाजूवर. टॉवेलच्या कारखान्यांच्या गेटवर, नवी पेठेतल्या गर्दीत बाबांबरोबर पत्रकं वाटायला जायचे तेव्हा त्यांनी एकच नियम सांगितला होता: हात पुढे करणाऱ्याला नाव विचारायचं नाही. पत्रकाखाली छापणाऱ्याचं नाव असायचं, काढणाऱ्याचं असायचं. वाचणाऱ्याचं कुठंच नसायचं. मला वाटायचं, जग असंच चालतं.

मग प्रत्येकाच्या हातात फोन आला.

दुधनीकडची एक मुलगी गेल्या उन्हाळ्यात आमच्याकडे येऊ लागली. मी तिला मुलगी म्हणते, कारण ती माझ्याच वयाची, पण लग्न होऊन तिला चार वर्षं झालेली. बारावी चांगल्या मार्कांनी झालेली आणि मनात नर्सिंग. माहेरी कानडी, इथं सोलापुरात सासरी मराठी, त्यामुळे घाबरली की तिच्या तोंडात आधी कानडी यायचं. पहिल्या दिवशी आई तिच्या चपला उचलायला वाकली तेव्हा ती "बेडा, बेडा" म्हणत मागं सरकली होती. नको, नको.

"मारतो का?" आईनं तिला विचारलं होतं.

"न्हाई हो काकू. हातबी लावत न्हाई. निसतं इचारतो."

"काय विचारतो?"

"कुटं हाय. कोण हाय सोबत. किती येळ लागंल. दिवसभर." मग ती हसली. "उत्तर द्यायचाच लई कंटाळा येतोय."

तिला हवं होतं ते एवढंच: आठवड्यातला एक तास, जो कुणाला सांगावा लागणार नाही. त्या तासात ती आमच्या खोलीत बसून प्रवेशाची माहिती घ्यायची, आई तिच्याकडून इंग्रजी अर्ज वाचून घ्यायची. तिसऱ्या की चौथ्या गुरुवारी, ती जाऊन थोडा वेळ झाला असेल, तिचा नवरा आमच्या दारात उभा राहिला. इस्त्रीचा शर्ट, बोलणं अगदी सभ्य. त्यानं फोन पुढे केला. नकाशावर आमची गल्ली होती आणि आमच्या घरावर तिच्या फोनचा मघाचा निळा ठिपका.

"ती हितं येती," तो म्हणाला. "मठात न्हाई, हितं."

"आमच्याकडं कोण येतं ते आमी कुणाला सांगत नाही," आई म्हणाली.

"तुमी कशाला सांगायला पाहिजे? फोन सांगतोय की. तुमच्या दारावर ठिपका हाय."

"ठिपका तुमचा. दार आमचं."

तो चिडला नाही, हेच मला जास्त लागलं. "मी काय राक्षस हाय का काकू? काळजी वाटती म्हणून बघतो."

"काळजी वाटती तर तिला विचारा. फोनला कशाला विचारता?"

तो गेला. आई आत येऊन कॉटखाली बघू लागली. चपला आत घेतल्या होत्या आणि तेवढा सगळा वेळ तिच्या पर्समधला फोन दारावर ओरडत उभा होता.

त्यानं काही मोठी हेरगिरी केलेली नव्हती. आमच्याकडे फोन घेतला जातो तो असाच. नवरा किंवा भाऊ दुकानात जातो, डबा दुकानातच फोडला जातो, दुकानदार नवऱ्याच्याच खात्यावर फोन चालू करून देतो, आणि बाई घरी तयार फोन हातात घेते. पासवर्ड तिला माहीत नसतो, कारण तो तिनं ठेवलेलाच नसतो. फोन दिवसभर कुठं कुठं फिरला ते त्या खात्यात साठत राहतं. कंपनीला ते हवंच असतं, आणि नवऱ्याला ते आयतं मिळतं.

त्या रात्रीच मी पत्रक लिहायला घेतलं. 'तुमचा खिसा तुमच्यावर पाळत ठेवतोय' असा मथळा. माणसाच्या येण्याजाण्याचा धंदा करणाऱ्यांना मी त्यात सोलून काढलं होतं. सकाळी आईला वाचून दाखवलं. ती भाकरी थापत होती.

"चांगलंय," ती म्हणाली. "पण हे वाचून ती काय करंल?"

"फोन फेकून देईल."

"मग नर्सिंगचं कॉलेज तिला निरोप कबुतरावर पाठवणार का?"

तेव्हापासून मी शोधायला लागले. जगात काही थोडी माणसं अशी आहेत जी फोनची वेगळी ऑपरेटिंग सिस्टिम बनवतात, म्हणजे फोनचं आतलं सगळं चलनवलन. ती तुमचा ठावठिकाणा कुणाकडे पाठवत नाही, आणि कुठल्या ॲपला काय दिसावं ते तुम्ही ठरवता. ते लोक ती फुकट देतात. फक्त ती आपल्या हातानं फोनमध्ये घालावी लागते, आणि तीही ठरावीक फोनमध्येच चालते.

तसला एक जुना फोन मला नवी पेठेतल्या एका दुरुस्तीवाल्या चाचांकडे मिळाला. माझ्या लॅपटॉपची बॅटरी कधीच मेलेली होती, तो वायरवरच चालायचा. फोनमधली जुनी सिस्टिम अर्धी पुसून झाली आणि लाईट गेली. काळा पडदा. मी तसाच तो घेऊन चाचांकडे गेले.

"कायकू मारे बेटी इसकू?" ते म्हणाले. "चलता-फिरता था ना."

मी त्यांना सगळं सांगितलं, म्हणजे मुलीचं नाव सोडून सगळं. त्यांनी ऐकून घेतलं, मग काउंटरवरचा पंखा बंद केला, त्याच्या बोर्डात माझा लॅपटॉप लावला आणि म्हणाले, "इधर इन्वर्टर है. बैठ के आराम से कर." त्या उकाड्यात ते स्वतः पुठ्ठ्यानं वारा घेत बसले आणि मी त्यांच्या काउंटरवर तो फोन पुन्हा जिवंत केला. पडदा उजळला तेव्हा ते माझ्यापेक्षा जास्त खूश झाले. वर गिऱ्हाइकाला म्हणाले, "ये फोन किसी का नै सुनता अब."

पण नवरा दारात येऊन गेल्यापासून ती नुसती मठात यायची, आमच्याकडे नाही. ती परत येणार कशी? तिचा फोन घरी ठेवला, तर उचलला का नाही म्हणून प्रश्न. सोबत आणला, तर ठिपका. ते कोडं मी सोडवलं नाही आणि कुठल्या सिस्टिमनंही सोडवलं नाही. ते सोडवलं मठाबाहेरच्या हारवालीनं. आईची ती जुनी ओळखीची. गुरुवारी दर्शनाची रांग लांब, आणि गाभाऱ्यात फोन न्यायला बंदी. मुलगी तिचा फोन हारवालीच्या टोपलीत ठेवायची आणि आमच्याकडे यायची. नवऱ्याचा फोन आला की हारवाली उचलायची.

"अवो, त्या रांगेत हायत. आत फोन न्हेऊ देत न्हाईत, ठाऊक न्हाई व्हय तुमाला? माज्याजवळ ठेवलाय." आणि एकदा तर, "सारका सारका फोन करू नका दादा, माजं गिऱ्हाईक जातंय."

ठिपका मठासमोर झेंडूच्या ढिगात बसून राहायचा.

आणि आमच्या घरी, कॉटखाली, तिच्या चपलांशेजारी दुसरा फोन असायचा. तिनं त्यावर स्वतःचा ईमेल काढला. अर्ज भरले, कॉलेजशी बोलली, यूट्यूबवर जीवशास्त्राचे धडे बघितले. जाताना फोन बंद करून पुन्हा कॉटखाली सरकवायची. असं पावसाळाभर चाललं. श्रावणात कधीतरी तिला प्रवेश मिळाला. त्या दिवशी ती फोन हातात घेऊन उलटसुलट बघत राहिली. मला वाटलं, आनंदानं. मग ती म्हणाली,

"ताई, ह्यो फोन लई चांगला हाय. पर माजा न्हाई की."

मी चमकले. फोन मी आणलेला, सिम आईच्या नावावरचं, आतली सिस्टिम मी घातलेली. नवऱ्यानं तयार करून दिलेल्या फोनऐवजी तिच्या हातात आता मी तयार करून दिलेला फोन होता. मी काही बघत नव्हते, हे खरं. पण तिला ते माझ्या शब्दावर मानावं लागत होतं.

घरी तिनं स्वतःच सांगितलं. शिकताना होस्टेलवर राहावं लागतं, हेही. तिसऱ्या दिवशी सासूनं विचारलं, "होस्टेलात जेवण बरं असतंय का?" आणि विषय तिथंच मिटला. तिचा नवरा अजूनही विचारतो. "पर आता मी सांगती," ती म्हणते. "फोन न्हाई सांगत, मी सांगती."

हे सगळं आज लिहायचं कारण एक बातमी. परवा वाचलं, की एका मोठ्या फोन कंपनीनं त्या सिस्टिमवाल्या माणसांशी हातमिळवणी केली आहे. म्हणजे यापुढे कधीतरी असा फोन येईल ज्यात ती सिस्टिम चालावी म्हणून कारखान्यातच सोय केलेली असेल. मी उड्या मारत बाबांना वाचून दाखवायला लागले आणि त्या एका शब्दापाशी अडखळले. हातमिळवणी हा आमच्या घरात चांगला शब्द नाही. मालकाशी हातमिळवणी करणाऱ्यांवर बाबांनी आयुष्यभर पत्रकं काढली आहेत.

"कंपनी नफ्यासाठीच करणार हे," मीच आधी बोलून टाकलं.

"हो," बाबा म्हणाले. चष्मा पुसत होते. "आपली पत्रकं कोण छापायचं?"

"प्रेसवाले काका."

"ते काय कॉम्रेड होते?"

नव्हते. लग्नपत्रिका छापायचे, पुढाऱ्यांच्या वाढदिवसाची पोस्टर छापायचे, आणि त्याच मशीनवर आमचा संप. पैसे घ्यायचे, कधी उशीर करायचे. पण आमच्या मजकुरातला एक शब्द त्यांनी कधी बदलला नाही.

"मजकूर बदलतायत का तेवढं बघत राहा," बाबा म्हणाले. "बदलला तर लिही. तोवर मशीन मिळालंय म्हण."

मला अजून संशय आहे, आणि तो मी सोडणार नाही. असला फोन सोलापुरात कधी येईल, किती महाग असेल, कुणास ठाऊक. पण त्या सिस्टिमवाल्या लोकांबद्दल माझ्या मनात जे आहे त्याला कृतज्ञता हाच शब्द आहे. कुठल्यातरी देशात बसून त्यांनी ते काम केलं, फुकट वाटलं, आणि घेणाऱ्याला नाव विचारलं नाही. दुधनीची एक मुलगी आमच्या कॉटजवळ बसून त्यावर जीवशास्त्र शिकली, हे त्यांना कधीच कळणार नाही. गेटवर उभ्या असलेल्या बाबांनाही कुठं कळायचं, कुणी पत्रक वाचलं आणि कुणी त्यात भजी बांधली?

या गुरुवारी ती आली. सुट्टी लवकर झाली म्हणून होस्टेलवर न जाता सरळ कॉलेजातून, गणवेशावर, पायात काळे बूट. मी तिला बातमी सांगितली.

"मंजी दुकानात मिळंल?"

"मिळेल कधीतरी. डबाबंद."

"मग मी जाणार," ती म्हणाली. "स्टायपेंड साठवती. माज्या नावावर घेणार, आन् डबा मीच फोडणार. दुकानदाराला हात लावू देणार न्हाई." मग माझ्याकडे बघून हसली. "तुमालाबी न्हाई ताई."

"मला नकोच," मी म्हटलं, आणि मला इतकं बरं वाटलं.

तेवढ्यात आई दाराकडे गेली. त्या दिवशी चार-पाच जणी आल्या होत्या. आई वाकून चपला गोळा करू लागली आणि तिचा हात त्या काळ्या बुटांकडे गेला.

"राहू द्या काकू," ती आतून म्हणाली. "माजे बाहेरच राहू द्या."

 आईनं ते बूट पायरीवर नीट जोडून ठेवले, टोकं गल्लीकडे करून, आणि बाकीच्यांच्या चपला उचलून आत घेतल्या.