बेरिंगच्या फळीवरचं फौजी

शेंगा फोडाय बसलं की दानं वाटीभर न् टरफलं सूपभर. आमच्या फौजीचं तसंच. संसार वाटीभर, किस्से सूपभर! फौजी म्हंजी आमचं मालक. मेढ्याच्या वरल्या अंगाला घर, म्होरं नुसता उतार.

एकाहत्तरच्या लढाईतनं परत आलं, पर गुडघ्याखालचं दोनी पाय तकडंच ऱ्हायलं. भितीकडं तोंड करून बसायचं. रोज एकच, "मला कशाला वाचीवलं?" कुनाचा हात अंगाला लागू द्यायचं न्हाईत. मी येवढी चेष्टेखोर बाई, पर घरात चेष्टंला जागाच उरली न्हवती.

*

सांगलीला माझा भाऊ ट्रकच्या गॅरेजात व्हता. त्यानं जुनी बेरिंगं आनली, गोठ्याच्या फळीला चाकं म्हनून ठोकली. फौजी वर बसलं, हातात चपला घातल्या न् भुईला जोरात रेटा दिला. फळी सुळकन फुडं, फौजी धपकन मागं!

मी म्हनलं, "अवं, गाडी सुटली, पासिंजर ऱ्हायला!"

फौजी हसलं. लढाईपासनं पयल्यांदा. मी गोठ्यात जाऊन म्हशीच्या गळ्यात पडून रडले. म्हस बिचारी घाबारली!

*

एकदा वरच्या गिरनीतनं दळन मांडीवर घिऊन निघालं. रिकामं असलं की दारात बरूबर थांबायचं. त्या दिशी चपला घासून घासून हात भाजलं, पर फळी थांबंना. दारावरनं सुसाट खाली!

मी वराडले, "अवं, घर हकडं हाय!"

"मला ठावं हाय, पिठाला सांग!"

*

शाळंचं मास्तर लय ग्यानी. चढावर फौजीला घामाघूम बघून म्हनलं, "फौजी, घातलेली शक्ती वाया जात नाही. चाकांनी खाल्ली तेवढी सोडा, बाकीची उताराला परत मिळते."

फौजी थांबलं. "मास्तर, मी लढाईत दिलेलं कुठल्या उताराला मिळंल?"

मास्तर सायकल हातात धरून चढ संपस्तवर संगं चालत आलं.

*

एकदा मीच हट्ट धरला, मलाबी बसवा! नऊवारी खोचली, मागं बसले, त्येंच्या कमरंला मिठी. भर दुपारी!

सासूबाई वराडल्या, "लाज सोडलीस का गं?"

"सोडली, आत्याबाई! फळीवर तिला जागा न्हाई!"

उतार लागला. बेरिंगांचा आवाज वाढत गेला, पदर उडाया लागला. खाली वळन, वळनाफुडं वढ्याची खोल घळ. मी म्हनलं, "अवं, चपला टेका."

फौजींनी दोनी हात भुईवरनं उचललं न् मांडीवर ठिवलं.

"टेका की वं!"

हात मांडीवरनं हाललं न्हाईत.

मग मीच माझं दोनी पाय खाली सोडलं. अनवानी. खालनं खडी. फळी वाकडी झाली, घसाटत गेली, घळीच्या तोंडाशी थांबली.

मग फौजी मागं वळलं. माझं तळवं बघितलं. हातातल्या चपला काढल्या न् माझ्या पायात घालाय लागलं. रगतानं निसटत व्हत्या, तरी घातल्या.

मी म्हनलं, "आता तुमी चढ कसं चढनार?"

"तू ढकल," फौजी म्हनलं.