भट्टीच्या कोटाला खिसा नसतो

शिलाईच्या टेबलाखाली कातरण साचतं तसे माझ्याकडे हे किस्से साचलेत. रोज झाडून टाकावं म्हणतो. पण वाकलं की एखादा तुकडा हाताला लागतो आणि वाटतं, राहू दे.

माझं दुकान मैसूरच्या देवराज मोहल्ल्यात. शाळेत मी गेलो तो फक्त गणवेशांची मापं घ्यायला! पण येलवालच्या बाजूला एक लॅब आहे. खाणीतला दगड कसा फोडावा, वितळवून त्यातला धातू कसा काढावा, याचं तिथं संशोधन चालतं. तिथल्या माणसांचे भट्टीवर घालायचे कपडे तरुणपणापासून मी शिवतो. त्या लोकांत बसून बसून मी दोन गोष्टी शिकलो. कढत चहा फुंकर न घालता प्यायला, आणि घाबरायला!

आता माझी नात रेणुका तिथंच इंजिनियर म्हणून लागलीय. धातूच्या उकळत्या रसापुढं उभी राहणार. म्हणून हल्ली हे किस्से हसत हसत सांगायला बसतो आणि मध्येच तोंड कोरडं पडतं. निधानानं सांगतो, म्हणजे आमच्या मैसूरच्या मराठीत सावकाश.

*

पहिला कोट शिवला तो शिवण्णासाठी. शिवण्णा हिनकलचा, भट्टीवरचा मुख्य माणूस. तेव्हा दगडी कोळशाची भट्टी होती, आणि धातू वितळवायची मातीची मूस तो लांब सांडशीनं बाहेर काढायचा. रस तयार झाला की नाही हे निळ्या काचेतून रंग बघून सांगायचा. मोजायचं यंत्र म्हणजे त्याचे डोळे.

नवं गिऱ्हाईक म्हणून मी जीव ओतून काम केलं. जाड कापड, दुहेरी शिलाई, आणि छातीवर दोन झकास खिसे, झाकणासकट!

शिवण्णानं कोट हातात घेतला. खिशात दोन बोटं घातली आणि माझ्याकडे बघून म्हणाला, "टेलर राव, हे कुणासाठी? लोखंडाला बसायला?"

मला कळेना. मग त्यानं गळ्याखालची जुनी खूण दाखवली. उडालेला थेंब कोटावरून घरंगळून गेला तर माणूस वाचतो. खिशात शिरला तर तिथंच बसतो आणि आतल्या माणसाला शोधत जातो.

त्या रात्री मी जेवलो नाही. दुसऱ्या दिवशी बसून सगळे खिसे उसवले. आणि इतका धसका घेतला, की त्या आठवड्यात एका नवरदेवाचा सूट शिवला, त्यालाही खिसा नाही! नवरदेव भर मांडवात हातात रुमाल, हातात पाकीट, हातात नारळ घेऊन उभा. त्याचा बाप भांडायला आला. मी म्हटलं, "साहेब, पोरगा भाजणार तरी नाही!"

*

मग लॅबमध्ये संशोधक म्हणून वानखडे सर आले. नागपूरकडचे. त्यांची मराठी इस्त्री केलेली, आमची चुरगळलेली. मी "सुम्ने आलो" म्हटलं की ते विचारायचे, "काका, सुम्ने म्हणजे कोणतं गाव?" सुम्ने म्हणजे उगाच. पण सांगायला मला लाज वाटायची.

सरांनी दगड दाबायचं मशीन आणलं. खाणीत खोल गेलं की दगडावर अख्ख्या डोंगराचा भार येतो. तो सोसला नाही की दगड बंदुकीसारखा फुटतो. पूर्वी खाणीतली माणसं छताला पहारीनं ठोकून कान लावायची. खणखणीत आवाज आला तर आत जायचं, बद्द आवाज आला तर पळायचं. सरांचं म्हणणं, फुटण्याआधी दगड बारीक कुरकुरतो, ती कुरकुर यंत्रानं ऐकायची.

मशीनच्या पहिल्या चाचणीच्या दिवशी मी शेजारच्या खोलीत शिवण्णाचं माप घेत होतो. तोंडात टाचण्या धरलेल्या. भिंतीपलीकडं किर्र किर्र सुरू झालं, मग सगळं गप्प झालं, आणि मग असा धडाका झाला की छताचा चुना डोक्यावर पडला!

माझं तोंड उघडलं. बंद झालं तेव्हा टाचण्या नव्हत्या.

"टेलरनं टाचण्या गिळल्या!" शिवण्णा ओरडला. दगड राहिला बाजूला. सगळे माझ्याभोवती. एक म्हणतो केळी द्या, एक म्हणतो उलटा धरा. मी तर मनात बायकोचा निरोप घेतला. गाडीत घालायला शिवण्णानं मला पाठीवर घेतलं आणि "अय्यो!" करून किंचाळला. सगळ्या टाचण्या त्याच्याच कॉलरीत रुतल्या होत्या!

सगळे हसले. सर तेवढे हसले नाहीत. फुटलेल्या दगडाचा तुकडा तळहातावर घेऊन म्हणाले, "काका, हा पेरूएवढा होता. खाणीत हत्तीएवढा असतो, आणि मध्ये भिंत नसते."

आता म्हणे खाणीच्या भिंतींतच यंत्राचे कान बसवतात, आणि कुरकुर इथं लॅबमध्ये पडद्यावर दिसते. बरं आहे. पण तेव्हापासून घराचं दार कुरकुरलं तरी मी तेल घालतो.

*

कोळसा गेला, विजेची भट्टी आली. आमच्या मैसुरात दसऱ्याला आयुधपूजा चुकत नाही. बसपासून कात्रीपर्यंत सगळ्याला हळदकुंकू. त्या वर्षी प्रयोग थांबवता येत नव्हता, म्हणून भट्टी पेटलेली असतानाच पूजा ठरली. नवे गुरुजी आले. मंत्र म्हणत म्हणत जवळ गेले आणि तीर्थाचा तांब्या उचलला.

"बेडा! बेडा!" नको, नको म्हणत शिवण्णानं झेप घेऊन गुरुजींचं मनगटच धरलं. पाणी रसाखाली अडकलं तर त्याची वाफ होते, आणि वाफ सगळा रस तोफेसारखा वर उडवते. तांब्या दोघांच्या हातात, पाणी काठावर डुचमळतंय, आणि आम्ही सगळे श्वास धरून उभे. गुरुजी रागानं लाल. "तीर्थाला अडवतोस?"

तेवढ्यात दाराबाहेरून वानखडे सरांचा आवाज आला, "गुरुजी, मंत्र लांबूनसुद्धा पोहोचतात!" हे सर कधी बाहेर पळाले ते कुणी पाहिलंच नाही!

आजही तिथं पूजा होते. थंड भट्टीची. गुरुजी दारातूनच कोरडं कुंकू टाकतात, तेही हेल्मेट घालून.

*

परवा-परवापर्यंत लॅबमध्ये खाणीतले दगड यायचे, आता पोत्यांनी जुने मोबाईल येतात. ते वितळवून तांबं आणि सोनं वेगळं करतात. खाणच आता माणसाच्या खिशात आली, असं सर म्हणतात. रस ओतायलाही यंत्राचा हात आलाय. आणि त्या हातालाही उष्णतेपासून वाचायला कोट लागतो! शिवायला मीच.

स्टुलावर चढलो, त्याच्या कोपराला टेप गुंडाळली आणि सवयीनं तोंडातून गेलं, "हात जरा वर करा."

हात वर गेला!

टेपचं दुसरं टोक माझ्या मनगटाला गुंडाळलेलं, एक पाय स्टुलावर, एक हवेत. मी विठ्ठलाला अशी हाक मारली की ती पार हुणसूर रोडवर गेली असेल. हात थांबला. काचेच्या खोलीतून बटणावर बोट ठेवून वानखडे सर बघत होते, चेहरा पांढराफटक. "काका, तुम्हीच म्हणालात ना!"

रिटायर झालेला शिवण्णा त्या दिवशी सुम्ने आला होता. तो हसला नाही. चंदेरी कापडावरून हात फिरवत म्हणाला, "मला पहिल्या दिवशी गोणपाट दिलं होतं. मापही घेतलं नव्हतं."

*

यंत्राचा हात रस ओततो, पण लांब पळीनं रसाचा नमुना काढायला अजून माणूस लागतो. ते काम रेणुकाचं. तिच्या मापाचा कोट लॅबमध्ये नव्हता. सरांनी सांगितलं, "मापाचा कोट आल्याशिवाय भट्टीजवळ यायचं नाही." आणि शिवायला दिला माझ्याकडे!

माप घेतलं. कापड बेतलं. आणि घडी करून ठेवलं.

"अज्जा, कोट कधी?"

"परवा."

परवा आला. "अज्जा?"

"दोरा यायचाय ग बेंगळूरहून. परवा."

"दोरा तर मशीनला ओवलाय."

"तो वेगळा."

पुढच्या वेळी म्हटलं काज-बटण राहिलंय. ती कमरेवर हात ठेवून उभी. "भट्टीच्या कोटाला बटण कुठं असतं, अज्जा?"

शेवटी सर दुकानात आले. "काका, किती दिवस परवा म्हणणार?"

"जमेल तितके, सर."

सर गेले. मग रेणुका विचारायची थांबली. मला वाटलं, विसरली. झोप लागायला लागली.

एका सकाळी शिवण्णा दुकानात येऊन बसला. "टेलर राव, नातीचा हात स्थिर आहे हां. काल नमुना काढला."

माझा पाय मशीनवरच थांबला. "कोट कुठाय तिच्याकडे?"

"माझा जुना खुंटीवर होता की. सर गावाला गेलेत."

"तुझ्या कोटात दोन रेणुका मावतील!"

"हौदु, मावतील की. बाह्या दुमडल्या तिनं."

दुमडल्या. दुमडीत थेंब अडकतो. मी विचारलं, "काही उडालं?"

शिवण्णा बाहेर रस्त्याकडं बघत म्हणाला, "उडतंच की."

मी शटर अर्ध्यावर ओढलं. घडी काढली. जेवलो नाही, चहा घेतला नाही. दिवेलागणीला कोट तयार.

रेणुका आली. कोट अंगात घातला. हात वर केले, खाली केले, वळली. डाव्या मनगटावर गव्हाच्या दाण्याएवढा लाल फोड होता. तिनं बाही खाली ओढली. बाही बरोबर फोडाच्या पुढं येऊन थांबली.

मग माझ्याकडे बघून म्हणाली, "अज्जा, आज परवा आहे का?"