आतल्या बाजूची शिवण

अख्ख्या डोंबिवलीत कपडा आतून बघणारी बाई एकच, आणि ती माझ्या नशिबी नणंद म्हणून आली. तुम्ही-आम्ही रंग बघतो, काठ बघतो. वन्संना हवी असते शिवण. इथल्या हौशी नाटकवाल्यांचे जुन्या काळातले कपडे त्या शिवतात. त्यामुळे कुणाकडे पणजीची चोळी नाहीतर जुनी बाराबंदी निघाली, की चहाच्या आधी वन्सं ती उलटी करून उन्हासमोर धरतात. मग तासभर त्या आपल्यात नसतातच. कुठल्या काळात फिरून येतात, देव जाणे. घरच्या ट्रंकेतही सगळे कपडे उलटेच घडी केलेले. "सुलट बाजू लोकांसाठी असते गं," म्हणतात.

ठाण्याला एका लग्नात नवरदेवाचे आजोबा आपल्या वडिलांचा कोट घालून आलेले. मी अक्षता टाकून बघते, तर वन्संनी मागून त्यांची कॉलर उलटलेली!

"काय हो बाई, ढेकूण आहे का?" आजोबा दचकले.

"नाही हो. तुमच्या वडिलांचा डावा खांदा उतरता होता ना? शिंप्याने आत कापूस भरलाय."

आजोबा मंगलाष्टकंच विसरले. पुढे पंगतीत आमच्या शेजारी बसून वडिलांबद्दलच बोलत राहिले.

वन्संचा नियम एकच, जुनी शिवण उसवायची नाही. यंदा तो मोडायची वेळ आली. नाटकातल्या नायिकेला हात उंच करून कंदील टांगायचा होता, आणि वन्संनी शिवलेली प्रत्येक चोळी काखेत टरकत होती. न टरकणारी चोळी ट्रंकेत होती, आमच्या सासूबाईंची, त्यांची एवढीच उरलेली. पण काखेत सासूबाईंनी स्वतःच अस्तर घातलेलं. त्या अस्तराखाली काखेचा तुकडा कसा कापून जोडलाय, ते दिसेना. प्रयोग तोंडावर. वन्सं ब्लेड हातात घेऊन खिडकीशी बसून राहिल्या.

"चारच टाके ना? मी परत घालून देते," मी म्हटलं.

"ते तुझे असतील गं वहिनी. आईचे नसतील."

मी चहा टाकायला आत गेले. येऊन बघते तर सत्तरीच्या वन्सं ती चोळी घालून गॅलरीत रिकाम्या दोरीखाली उभ्या. डोळे मिटलेले, हात वर.

"अगं, तुकडा तिरक्या कापडाचा आहे, हात वर नेला की कळतं. आई अशीच धुणं वाळत घालायची. मी खाली उभी राहून एकेक पिळा द्यायचे."

तुकडा समजला होता, तरी हात काही खाली येईना. चहा गार झाला.

काखेत तसाच तिरका तुकडा घालून वन्संनी नवी चोळी शिवली. प्रयोगाला कंदील टांगला गेला, चोळी टरकली नाही. सगळं नाट्यगृह नायिकेच्या चेहऱ्याकडे बघत होतं. वन्सं विंगेतून तिच्या काखेकडे. घरी आल्यावर त्यांनी आईची चोळी ट्रंकेत ठेवली, पण आधी मांडीवर घेऊन हलकेच सुलट केली.